काळ्या मातीच्या अंगणात सच्छिद्र काँक्रीट घालावे का, आणि घालायचे तर कसे

नमस्कार. आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. आपले घर इंदूरला राजेंद्र नगरात आहे. घरापुढचे अंगण बारा मीटर रुंद आणि घरापासून फाटकापर्यंत सहा मीटर खोल आहे. त्यावरची जुनी सिमेंटची फरशी आपण उखडून घेतली आहे. पावसाळ्यात फाटकाशी घोटाभर पाणी साचते आणि बोरिंग मात्र चैत्रातच आटते. ठेकेदार म्हणतो की जमीन सपाट करून तिच्यावर थेट सहा इंच बिनरेतीचे, म्हणजे सच्छिद्र काँक्रीट ओतू, म्हणजे पाणी त्यातून झिरपून जमिनीत जाईल. शेजाऱ्यांचे म्हणणे असे, की असले जाळीदार काँक्रीट मोटारीचे वजन पेलणार नाही. आणि आपल्या वडिलांना घराच्या पायामध्ये पाणी मुरेल अशी धास्ती आहे. या तिघांपैकी कोणाचे ऐकावे, हा आपला प्रश्न. फरसबंदीच्या कामात माझी बावीस वर्षे गेली आणि त्यातली निम्म्याहून अधिक माळव्याच्या काळ्या मातीवर गेली, तेव्हा मी पहिल्यांदाच सांगतो की तिघांमध्ये वडिलांची शंका सर्वांत महत्त्वाची आहे आणि कामाची आखणी तिच्यापासून सुरू व्हायला हवी.

सच्छिद्र काँक्रीट आपल्या अंगणात होऊ शकते, चांगले होऊ शकते; परंतु ठेकेदार सांगतो त्या पद्धतीने नाही. कारण असे आहे. नीट घातलेल्या सच्छिद्र काँक्रीटमधून दर सेकंदाला दोन ते पाच मिलिमीटर पाणी सहज उतरते. कमीतला कमी आकडा धरला तरी तो तासाला सात हजार मिलिमीटरच्या वर जातो, आणि आपल्याकडे एका तासात साठ-सत्तर मिलिमीटर पाऊस पडला तर आपण त्याला ढगफुटी म्हणू लागतो. म्हणजे वरच्या थराची पाणी पिण्याची ताकद गरजेपेक्षा शंभरपट अधिक आहे. खालची काळी माती एकदा ओली होऊन फुगली की तासाला जेमतेम दोन-चार मिलिमीटर पाणी घेते, कधी तेवढेही घेत नाही. झाकण चाळणीचे आणि तळ परातीचा, अशी ती रचना होते. म्हणून काँक्रीटमधून पाणी जाईल का, हा प्रश्न जवळपास सुटलेलाच आहे. काँक्रीटखाली पोहोचलेले पाणी पुढे कुठे जाणार, हा खरा प्रश्न आहे, आणि ठेकेदाराच्या सूचनेत त्याचे उत्तरच नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०११ च्या उन्हाळ्यात शहराच्या पश्चिमेकडच्या एका वसाहतीत मी एका घराच्या बाजूची वाट अगदी अशीच केली होती, थेट काळ्या मातीवर, वर पाच इंच बिनरेतीचे काँक्रीट. मे महिन्यात त्या जमिनीला हाताची बोटे जातील एवढ्या भेगा होत्या. मी चाचणी म्हणून खड्ड्यात बादलीभर पाणी ओतले, ते पाच मिनिटांत दिसेनासे झाले, आणि मी त्या चाचणीवर विसंबलो. पहिले दोन पाऊस सुरेख जिरले. त्यानंतर माती फुगली, भेगा मिटल्या, आणि जुलैच्या अखेरीस काँक्रीटच्या पोटात पाणी उभे राहू लागले. भाद्रपदात कुंपणाच्या भिंतीलगतची कड अंगठाभर वर उचलली गेली आणि वाट मधोमध चिरली. ती वाट मी माझ्या खर्चाने काढून पुन्हा केली. तिचा एक उखडलेला तुकडा मी जपून ठेवला आहे: वरच्या तीन बोटांत छिद्रे स्वच्छ आहेत, उजेडात धरले तर आरपार दिसते, खालच्या दोन बोटांत मात्र प्रत्येक छिद्र काळ्या चिखलाने बुजलेले आहे, तो वाळून काँक्रीटइतकाच टणक झालेला आहे. माती खालून वर चढते, हे त्या तुकड्यात स्पष्ट दिसते. नवीन माणूस कामावर आला की मी त्याला तो आधी हातात देतो.

तेव्हा पहिले काम मातीची परीक्षा. आपण ऐन पौषात विचारलेत हे बरे झाले, कारण चाचणीला आणि पुढच्या कामाला दोन्हींना पुरेसा वेळ आहे. अंगणात दोन ठिकाणी, एक घराच्या बाजूला आणि एक फाटकाशी, फूटभर लांबी-रुंदीचे आणि दीड फूट खोल खड्डे घ्या. खड्डा पाण्याने भरा आणि पूर्ण एक दिवस-रात्र तो भरलेलाच ठेवा, म्हणजे माती फुगायची तेवढी फुगून घेईल. ही पायरी टाळली तर वर सांगितलेली माझी चूक आपल्याकडून होईल. दुसऱ्या दिवशी तळापासून सहा इंच पाणी ठेवून दर तासाला पट्टीने उतार मोजा आणि चार-पाच तासांचे आकडे लिहून ठेवा. शेवटच्या तासात पाणी बारा-तेरा मिलिमीटरहून जास्त उतरले, तर माझ्या दृष्टीने ती जमीन पाणी घेणारी आहे. आपल्या भागात तसे होण्याची आशा मी धरत नाही. पण कुठे भराव असतो, कुठे मुरूम वर आलेला असतो, म्हणून मोजल्याशिवाय ठरवू नये. त्याच वेळी हाताच्या ऑगरने, म्हणजे जमिनीत भोक पाडायच्या गिरमिटाने, काळ्या मातीची जाडी पाहून घ्या. माळव्यात काळ्या थराखाली पिवळसर मुरूम आणि त्याखाली झिजलेला काळा पाषाण अशी उतरंड बहुतेक ठिकाणी सापडते, फक्त खोली प्लॉटगणिक बदलते. बोरिंग खोदताना भोक ढासळू नये म्हणून किती फूट पाईप (केसिंग) घालावा लागला, हे घरात कोणाला आठवत असेल तर त्यावरूनही अंदाज येतो.

आता पाण्याचा हिशोब. आपले अंगण ७२ चौरस मीटरचे. एका जोरदार सरीत ६० मिलिमीटर पाऊस धरला तर अंगणावर ४,३२० लिटर पाणी पडते. काँक्रीटखाली २० सेंटीमीटर जाडीचा एकसारख्या धुतलेल्या गिट्टीचा थर असेल, तर गिट्टीच्या दाण्यांमध्ये साधारण ४० टक्के जागा मोकळी असते, म्हणजे त्या थरात ५,७६० लिटर पाणी मावते. अंगणाचे पाणी सामावले. परंतु आपण लिहिले आहे की गच्चीचे दोन पाईपही अंगणातच उतरतात. गच्ची ११० चौरस मीटरची असेल तर त्याच सरीत तिचे ६,६०० लिटर पाणी येते, आणि दोन्ही मिळून जवळपास अकरा हजार लिटर होतात, जे या थरात कोणत्याही प्रकारे मावणार नाही. फाटकाशी साचणाऱ्या पाण्यात निम्म्याहून जास्त वाटा गच्चीचा आहे, हे आपल्या लक्षात आले असेल. म्हणून गच्चीचे पाईप अंगणात सोडू नका. ते पाणी स्वच्छ असते. पहिल्या पावसाचे धुवण बाजूला काढून, वाळू-गिट्टीच्या गाळणीतून ते बोरिंगमध्ये पुनर्भरणासाठी सोडा. अंगणाचे पाणी मात्र बोरिंगमध्ये कधीही सोडू नका, कारण मोटार उभी राहते तिथे तेलाचे थेंब, ब्रेकची धूळ आणि चाकांबरोबर आलेली घाण असते, आणि बोरिंगमध्ये गेलेली घाण शेजारच्या चार घरांच्या पाण्यात पोहोचते. ज्या शहराला नर्मदेचे पाणी जलूदहून डोंगर चढवून आणावे लागते, त्या शहरात जमिनीखालचे पाणी नासवण्याचे पाप आपल्याकडून होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

चाचणीत माती पाणी घेत नाही असे ठरले, तर मी खालचा थर अशा रीतीने करतो. तयार पृष्ठभागापासून साधारण पन्नास सेंटीमीटर काळी माती काढायची. तळाशी पंधरा-सतरा सेंटीमीटर चांगला मुरूम दोन थरांत पाणी मारून धुम्मसाने बसवायचा. हा मुरूम पाणी जिरवण्यासाठी घालायचा नसून खालच्या मातीचे फुगणे वरपर्यंत जाणवू नये यासाठी असतो. मुरमाला फाटकाकडे मीटरला एक सेंटीमीटर उतार द्यायचा. त्यावर ५०० मायक्रॉन जाडीचा एचडीपीई प्लास्टिकचा कागद, खाली-वर जिओटेक्स्टाइलचे कापड लावून, घराच्या बाजूला जोत्यालगत वर चढवून अंथरायचा. वडिलांच्या शंकेचे उत्तर या कागदात आहे: घराच्या पायापासून तीन मीटरच्या आत पाणी मुरवायचे नाही हा माझा नियम आहे, आणि आपले अंगण एकूण सहाच मीटर खोल असल्याने अर्धा भाग झाकून अर्धा उघडा ठेवण्यापेक्षा पूर्ण तळ झाकणे मला अधिक सुरक्षित वाटते. काळी माती एका बाजूला ओली आणि दुसऱ्या बाजूला कोरडी राहिली की भिंतींना तडे जातात, हे इंदूरच्या जुन्या घरांमध्ये राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

कागदावर फाटकाच्या कडेने चार इंची छिद्रांचा पीव्हीसी पाईप आणि त्याभोवती व वर २० ते ४० मिलिमीटरची धुतलेली गिट्टी, एकूण पंधरा सेंटीमीटर. तिच्यावर दहा-बारा मिलिमीटरच्या गिट्टीचा पाच सेंटीमीटरचा थर, म्हणजे वरचा पृष्ठभाग समतल होतो. पाईप फाटकाजवळच्या कोपऱ्यातल्या शोषखड्ड्यात न्यायचा. हा खड्डा काळी माती ओलांडून मुरमात किमान मीटरभर तरी उतरलेला हवा, घराच्या पायापासून आणि शेजाऱ्यांच्या भिंतीपासून तीन-तीन मीटर दूर हवा, आणि बोरिंगपासून जितका लांब नेता येईल तितका न्यावा. मुरूम पाणी हळूहळू घेतो, म्हणून मोठ्या सरीत खड्डा भरतो आणि पाणी गिट्टीच्या थरात मागे तुंबते. तिथे ते एक-दोन दिवस मुक्काम करते आणि खड्डा रिकामा होईल तसे पुढे जाते. गिट्टीचा थर म्हणजे पाण्याची धर्मशाळा आहे, असे मी घरमालकांना सांगतो, कारण तो रिकामा होत राहिला तरच पुढच्या सरीला त्यात जागा मिळते. सलग आठ दिवस झड लागली तर काय, यासाठी खड्ड्याला रस्त्याच्या पावसाळी नाल्याकडे जाणारी सांडवाट ठेवायची आणि तिची पातळी काँक्रीटच्या तळापेक्षा खाली ठेवायची, म्हणजे काँक्रीट स्वतः कधीही पाण्यात बसून राहणार नाही. रस्त्यावरचा नाला अंगणापेक्षा वर असेल तर हे जमणार नाही. लेव्हल पाईप लावून ही गोष्ट खोदकामाच्या आधी तपासा. रस्ते वारंवार डांबरून वर आलेल्या गल्ल्यांमध्ये हा अडथळा फार येतो.

काँक्रीटविषयी. बिनरेतीचे काँक्रीट आपल्या ठेकेदारांना नवे नाही. राखण भिंतींच्या मागे ते पूर्वीपासून भरतात, आणि त्यासाठी १९८९ चे आयएस १२७२७ हे भारतीय मानकही आहे. परंतु मोटार चालणाऱ्या फरशीसाठी सिमेंट अधिक आणि पाण्यावर नजर फार बारीक लागते. सर्वत्र फिरणाऱ्या तक्त्यांमधली वजने तशीच उचलू नका, कारण ती बहुधा हलक्या दगडासाठी दिलेली असतात, आणि आपली गिट्टी बेसॉल्टची, म्हणजे जड असते. त्याच वजनाची आपली गिट्टी कमी जागा व्यापते आणि काँक्रीट गरजेपेक्षा पोकळ होते. माझे आपल्याकडच्या गिट्टीसाठी बसवलेले प्रमाण एका घनमीटरला असे आहे: ३४० किलो सिमेंट, १० मिलिमीटरची एकसारखी गिट्टी १,५६० किलो, रेती ८० किलो आणि पाणी १०८ लिटर. एका पोत्याला हिशोब केला तर गिट्टी २३० किलो, रेती १२ किलो आणि पाणी १६ लिटर. एवढ्यात साधारण २० टक्के पोकळी राहते. रेती मुळीच नको असा आग्रह काही जण धरतात. मी थोडी घालतो, कारण दाण्याला दाणा जिथे चिकटतो तो सांधा त्याने मजबूत होतो आणि पाण्याच्या वाटेत फारसा फरक पडत नाही. आपल्याला १२.५ सेंटीमीटर जाडीने नऊ घनमीटर काँक्रीट, म्हणजे साठ-बासष्ट पोती सिमेंट लागेल. सळई यात घालायची नाही, कारण छिद्रांतून हवा आणि पाणी दोन्ही तिच्यापर्यंत पोहोचतात आणि ती लवकर गंजते.

गिट्टी धुतलेली हवी, ही अट ठेकेदाराकडून लेखी घ्या. क्रशरची चुरी लागलेली गिट्टी वापरली तर सिमेंट चुरीला चिकटते, दगडाला चिकटत नाही, आणि महिनाभरात पृष्ठभागावरून दाणे निघू लागतात. धुतलेली गिट्टी ओलसर, पण वरून पाणी निथळलेली असावी. कोरडी गिट्टी मिश्रणातले मोजके पाणी स्वतःच पिऊन टाकते. मिक्सरमध्ये मी आधी गिट्टी, थोडे पाणी आणि ओंजळ-दोन ओंजळी सिमेंट फिरवून प्रत्येक दाण्यावर पातळ लेप बसू देतो, मग उरलेले सिमेंट, रेती आणि पाणी घालतो.

पाणी बरोबर आहे की नाही, हे हाताने कळते. रबरी हातमोजे घालून मूठभर मिश्रण घ्या आणि बुंदीचा लाडू वळतो तसे वळा. लाडू वळताना पाक कमी असेल तर बुंदी सुटते, जास्त असेल तर पाक ताटात उतरतो आणि लाडू बसतो. इथेही नेमके तेच घडते. मूठ उघडल्यावर गोळा अखंड राहावा, प्रत्येक दाण्यावर ओली चकाकी दिसावी, दाण्यांमधली पोकळी डोळ्यांना दिसावी आणि मोज्यावर सिमेंटचा राडा उतरू नये. चकाकी नसेल आणि गोळा फुटत असेल तर पाणी पावशेर-पावशेराने वाढवा, तांब्याने नाही. मोज्यावर लगदा उतरत असेल तर ते मिश्रण टाकून द्यावे लागते, कारण तो लगदा तळाशी जाऊन पाण्याची वाट कायमची बंद करतो. हाताच्या परीक्षेला वजनाची जोड द्या: १५ सेंटीमीटरच्या साच्यात मिश्रण दाबून भरले की ते सुमारे सात किलो भरले पाहिजे. साडेसात किलोच्या पुढे गेले तर छिद्रे कमी पडली, साडेसहाला आले तर काँक्रीट भुसभुशीत होणार. साधा तराजू पुरतो. मुख्य कामाच्या आठ दिवस आधी एक मीटर लांबी-रुंदीचा नमुना घालून पाहा आणि नंतर त्याचा कोपरा फोडून तळ तपासा; तळ सिमेंटच्या पापुद्र्याने बंद झालेला दिसला तर पाणी कमी करा.

प्रत्यक्ष घालताना अंगणाचे तीन-तीन मीटर रुंदीचे चार पट्टे करा. एक पट्टा सव्वादोन घनमीटरचा होतो, म्हणजे पंधरा-सोळा पोत्यांचे काम, आणि एका मिक्सरवर सहा माणसांच्या टोळीला तो एका सकाळीत पुरा करता येतो. सर्व कडांना साध्या काँक्रीटची पट्टी आधी करून घ्या, कारण सच्छिद्र काँक्रीटची उघडी कड चाकाखाली लगेच तुटते. खालची गिट्टी ओली करून घ्या. मिश्रण पसरून पट्ट्याच्या कडांच्या साच्यापेक्षा सुमारे पंधरा मिलिमीटर वर पाट्याने सारखे करायचे आणि मग वाळू भरलेल्या जाड लोखंडी पाईपचा रूळ दोन्ही साच्यांवर टेकवून दोन-तीनदा फिरवायचा, की ते साच्याच्या पातळीला दबून बसते. व्हायब्रेटर लावायचा नाही. आणि घोटायचे नाही, हे गवंड्याला मी कामापूर्वी एकदा आणि काम चालू असताना चारदा सांगतो. गुळगुळीत फरशी हा आपल्या गवंड्याच्या अभिमानाचा विषय असतो. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याचा हात आपोआप रंध्याकडे जातो, आणि दोनदा रंधा फिरला की वरची छिद्रे लिंपली जातात. त्याला नमुन्याच्या तुकड्यावर पाणी ओतून दाखवावे. एकदा पाणी नाहीसे होताना पाहिले की तो स्वतःच दुसऱ्याचा रंधा अडवतो.

मिसळल्यापासून रूळ फिरेपर्यंत थंडीत तासभर आणि उन्हात पाऊण तासाहून कमी वेळ हाती असतो. या काँक्रीटमध्ये पाणी मुळात कमी आणि हवेला उघडा पृष्ठभाग प्रचंड, त्यामुळे ते पाहता पाहता सुकते. रूळ फिरल्यापासून वीस मिनिटांच्या आत पट्टा जाड प्लास्टिकने झाकून कडा वजनाने दाबून ठेवा आणि सात दिवस उघडू नका. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेले सिमेंट असेल आणि थंडी असेल तर मी दहा दिवस ठेवतो. नेहमीच्या स्लॅबसारखी आळी करून पाणी भरता येत नाही, आणि पहिल्या दिवशी वरून जोरात पाणी मारले तर लेप धुऊन जातो, म्हणून तराईचा, म्हणजे काँक्रीट ओले राखण्याचा, सगळा भार या प्लास्टिकवरच असतो. झाकण उचलून पाहण्याचा मोह घरातल्या सर्वांनी आवरावा. हे काम मी माघ-फाल्गुनात घेतो. वैशाखातल्या उन्हात घेणे मी टाळतो, अगदी अडचण असेल तर पहाटे पाचला सुरू करून आठला थांबतो. पट्ट्यांमधला सांधा आपोआप मिळतो. प्रत्येक पट्टा मधोमध आणखी एकदा, जाडीच्या एक चतुर्थांश खोलीपर्यंत, काँक्रीट ओले असतानाच रेषेने दाबून घ्या, म्हणजे तीन बाय तीनचे चौकोन होतात आणि आकुंचनाचा तडा त्या रेषेतच राहतो.

शेजाऱ्यांची शंका अर्धी खरी आहे. असे काँक्रीट नेहमीच्या एम-२० पेक्षा, म्हणजे चौरस मिलिमीटरला वीस न्यूटन ताकदीच्या काँक्रीटपेक्षा, कमकुवत असते. आपल्या प्रमाणात चौरस मिलिमीटरला दहा ते सतरा न्यूटनच्या दरम्यानची ताकद मी धरून चालतो. खालचा थर नीट बसवलेला असेल तर घरगुती मोटारीला ती पुरते, फक्त चौदा दिवस मोटार आत घेऊ नका आणि पुढेही जागच्या जागी स्टिअरिंग वळवण्याची सवय टाळा, कारण त्या पिळाने दाणे उखडतात. पाण्याच्या टँकरचे वजन मात्र त्याला झेपत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे टँकर फाटकाच्या आत येत असेल, तर फाटकापासूनच्या दोन मीटरांत काँक्रीटचा हट्ट सोडून ऐंशी मिलिमीटरचे पेव्हर ब्लॉक बसवा, त्यांच्या फटींमध्ये रेतीऐवजी बारीक धुतलेली गिट्टी भरा आणि खालचा थर तोच ठेवा; त्यातूनही पाणी उतरते, आणि एखादा ब्लॉक खचला तर काढून पुन्हा बसवता येतो, जे काँक्रीटला करता येत नाही. खरे सांगायचे तर टँकर नेमाने येणाऱ्या घरांमध्ये मी सगळेच अंगण ब्लॉकचे करण्याचा सल्ला देतो.

राहिली देखभाल. हे काँक्रीट तुटण्याआधी बुजते, आणि ते बुजवणारी माती बहुधा घरचीच असते. बागेचे वाफे अंगणापेक्षा चार बोटे खाली ठेवा किंवा त्यांना कड घाला, म्हणजे पावसात त्यांची माती फरशीवर येणार नाही. घराचे दुसरे काही बांधकाम निघाले तर रेती आणि सिमेंट या फरशीवर एक दिवससुद्धा उतरवू देऊ नका. एका घरी तीन वर्षे उत्तम चाललेले अंगण वरच्या मजल्याच्या बांधकामाची रेती आठ दिवस पडून राहिल्यामुळे बंद झालेले मी पाहिले आहे. कडुनिंबाचा मोहोर आणि गुलमोहराच्या पाकळ्या कुजण्याआधी झाडून उचला, कोपऱ्यात लोटू नका. वर्षातून दोनदा, मेच्या अखेरीस आणि दिवाळीनंतर, ओले-कोरडे ओढणाऱ्या व्हॅक्यूमने पृष्ठभाग साफ करा. दाबाच्या पाण्याने धुवायचे तर फवारा तिरका धरा आणि सुटलेला गाळ लगेच ओढून घ्या, सरळ मारलेला फवारा घाण आणखी खोल ढकलतो.

फरशी किती बुजली हे डोळ्यांना कळत नाही, त्यासाठी मोजमाप हवे. तीस सेंटीमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या बादलीचा तळ कापून काढा, ती फरशीवर ठेवून कडेने प्लंबरची मऊ पुट्टी दाबून भरा, आधी तीन-चार लिटर पाणी ओतून जागा ओली करा, आणि मग अठरा लिटर पाणी बादलीत दोन बोटांहून जास्त उभे न राहू देता ओतत राहून ते पूर्ण उतरायला लागलेला वेळ घड्याळात पाहा. एएसटीएम या अमेरिकेतल्या मानक संस्थेच्या सी १७०१ या चाचणीचेच हे घरगुती रूप आहे. नव्या फरशीत हे पाणी मिनिटभराच्या आसपास उतरते. सहा मिनिटांच्या पुढे वेळ गेला की मी सफाईला माणसे पाठवतो, पावसाळा कितीही जवळ असो. अंगणातल्या तीन जागा ठरवून घ्या, एक मोटारीखालची, एक झाडाखालची आणि एक मोकळी, आणि पहिल्या दिवसाचे तिन्ही आकडे तारखेसह विजेच्या मीटरच्या पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवा; पुढची प्रत्येक मोजणी त्यांच्याच खाली लिहीत जा. खड्ड्यातल्या पाण्याच्या उताराचे आकडे आणि काळ्या थराची खोली मला कळवलीत, तर शोषखड्डा किती व्यासाचा घ्यायचा हे मी हिशोब करून सांगेन.